घरच्या इंटरनेटला बॅटरी बॅकअप: १ केव्हीएचा यूपीएस घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोर तालुक्यातील एका गावातून घरून काम करणारे एक गृहस्थ विचारतात की, घरात फायबरचे कनेक्शन, त्याचा ओएनटी (फायबरमधला प्रकाश घेऊन घरात इंटरनेट देणारी डबी), वेगळा वायफाय राउटर, आठ पोर्टचा स्विच (लॅन केबलच्या जोडण्या वाढवणारी डबी) आणि चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) आहे. वीज दिवसातून एक-दोनदा अर्धा-पाऊण तास जाते आणि पावसाळ्यात कधी सलग चार तास येत नाही. दुकानदार १ केव्हीएचा (म्हणजे १००० व्हीएचा) यूपीएस घ्या म्हणतो, मित्र म्हणतो की राउटरचा मिनी यूपीएस पुरे आहे, आणि वडिलांचे म्हणणे आहे की एकदाच इन्व्हर्टर बसवून मोकळे व्हावे. कोणाचे ऐकावे?

मी गेली सतरा वर्षे पुणे आणि आसपासच्या तालुक्यांत घरांना व लहान कार्यालयांना नेटवर्क, कॅमेरे आणि त्यांचा बॅकअप बसवून देण्याचे काम करतो. हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो आणि त्याची खरी अडचण प्रश्नात सहसा दिसत नाही. संगणकाचा यूपीएस हा मोठा भार दहा-पंधरा मिनिटे तोलून धरावा, तेवढ्यात माणसाने काम साठवून संगणक बंद करावा, या हेतूने बनवलेला असतो. इन्व्हर्टर हा पंखे-दिव्यांसकट घर चालवण्यासाठी असतो. राउटरचे गणित या दोन्हींहून वेगळे आहे, कारण त्याचा भार अगदी किरकोळ असतो, पण तो तासन्‌तास एकसारखा चालू ठेवायचा असतो. त्यामुळे बाजारातील बहुतेक वस्तू या कामाला एक तर फार मोठ्या पडतात, नाहीतर दिसतात त्यापेक्षा लहान निघतात.

पण पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. तुमच्या घरातील उपकरणे चालू राहिली, तरी गावची वीज गेल्यावर इंटरनेट तुमच्या दारापर्यंत येते का? एक फायबर अनेक घरांत वाटण्याच्या जीपॉन पद्धतीत पुरवठादाराच्या केंद्रातील ओएलटी या मुख्य यंत्रापासून तुमच्या ओएनटीपर्यंत मधले प्रकाश वाटणारे स्प्लिटर विजेशिवाय चालतात, म्हणून केंद्रातील बॅकअप शाबूत असेल तर अडचण येत नाही. मात्र अनेक ठिकाणी स्थानिक केबलचालकाने खांबावरच्या किंवा कोणाच्या तरी जिन्यातल्या पेटीत मीडिया कन्व्हर्टर (फायबरचे संकेत लॅन केबलवर आणणारी डबी) आणि स्विच बसवलेला असतो, आणि तिथून घरात साधी लॅन केबल ओढलेली असते. त्या पेटीला बॅटरी नसेल, किंवा असून मेलेली असेल, तर घरात कितीही मोठा बॅकअप असला तरी राउटरचे दिवे तेवढे लुकलुकत राहतात. २०२२ मध्ये एका घरी मी सहा तासांचा बॅकअप मोठ्या हौसेने बसवून दिला आणि पहिल्याच खंडिततेत नेट बरोबर चाळीस मिनिटांनी गेले, कारण पेटीतील बॅटरी तेवढीच उरली होती. चूक माझीच होती. मी विचारलेच नव्हते.

ही तपासणी घरातील एमसीबी (मीटरजवळचा मुख्य खटका) पाडून होत नाही, कारण तेव्हा बाहेरची वीज चालूच असते. सोपा मार्ग म्हणजे त्याच केबलचालकाचे कनेक्शन असलेला आणि घरात इन्व्हर्टर असलेला शेजारी शोधून त्याला विचारणे, की वीज गेल्यावर तुझे नेट किती वेळ टिकते. तो म्हणाला दीड तास, तर तुम्हीही दीड-दोन तासांपलीकडे पैसे घालू नका. ओएनटीवरचा एलओएसचा (संकेत तुटल्याचा) दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाही, म्हणजे दोष बहुधा तुमच्या घराबाहेर आहे, हेही लक्षात ठेवा.

आता भार मोजू. अडॅप्टर उलटा करून त्याच्यावरची बारीक अक्षरे वाचली की पहिली ओळ साधारण अशी दिसते: इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ०.५ ॲम्पिअर. पुष्कळ जण इथेच २४० गुणिले ०.५ असा हिशोब करून राउटर १२० वॉट खातो असे धरतात, आणि दुकानदार त्या आकड्यावर १ केव्हीएचा यूपीएस विकतो. ती ओळ अडॅप्टरची कमाल सोय सांगते. आपल्या कामाची ओळ खालची आहे: आउटपुट १२ व्होल्ट, १.५ ॲम्पिअर, म्हणजे जास्तीत जास्त १८ वॉट. प्रत्यक्षात ओएनटी त्याच्या निम्मेही घेत नाही. प्लगमध्ये बसणारा वॉटमीटर कोणाकडे मिळाला तर सगळी उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून एकदम मोजा, कारण स्वस्त वॉटमीटर चार-पाच वॉटच्या खाली भरवशाचे राहत नाहीत. माझ्या आजवरच्या मोजणीवरून तुमच्यासारख्या घरात ओएनटी ८ वॉट, राउटर ६ वॉट आणि छोटा स्विच २ वॉट, असे नेटचे सुमारे १६ वॉट होतात. डीव्हीआर हार्ड डिस्कसकट ११ वॉट आणि चार कॅमेरे रात्री त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागल्यावर मिळून १६ वॉट, म्हणजे कॅमेऱ्यांचे २७. एकूण ४३.

या आकड्यांतच तुमच्या उत्तराचा अर्धा भाग आहे. नेट चालू ठेवायला लागणाऱ्या विजेच्या दीडपटीहून जास्त वीज कॅमेरे घेतात. दोन्ही एकाच बॅटरीवर टांगले, तर ज्या मीटिंगसाठी तुम्ही हा खटाटोप करत आहात ती कॅमेऱ्यांपायी बंद पडेल. म्हणून या दोन भारांची चूल पहिल्यापासून वेगळी मांडा.

किती तास हवेत, हे तुमच्या परिस्थितीवर आहे आणि ते दुसऱ्या कोणी ठरवू नये. पुण्यात गुरुवार हा देखभालीचा वार, त्यामुळे इथला माणूस त्या दिवसाचा विचार करतो. तुमच्याकडे पावसाळ्यातले चार तास हे माप आहे. सर्वांत वाईट दिवस धरून बॅटरी घेऊ नये, असे माझे मत आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतील काही गावे कित्येक आठवडे विजेविना होती आणि तिथे मोबाइलचे मनोरेही बंद पडले होते. तसल्या प्रसंगाला घरातील बॅटरी पुरी पडत नाही. चार तास धरू. १६ वॉट गुणिले ४ तास, म्हणजे ६४ वॉट-तास उपकरणांपर्यंत पोचले पाहिजेत. बॅटरी विकत घेताना व्हीए किंवा एमएएच (मिलिॲम्पिअर-तास) न पाहता वॉट-तास पाहायचे. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास केले की वॉट-तास मिळतात, आणि एवढा एक गुणाकार येत असला की बाजारातील निम्मी फसवणूक तिथेच थांबते.

दुकानदाराच्या सल्ल्याकडे येतो. व्हीए हा आकडा यूपीएस किती भार उचलेल ते सांगतो. तो भार किती लांब नेईल याबद्दल तो काहीच सांगत नाही. हमालाने क्विंटलभर उचलले म्हणून तो पुण्यापर्यंत चालत जाईल असे नव्हे. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासांची एक सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. ८४ भागिले १६ केले तर सव्वापाच तास येतात, पण हातात दोन तासांच्या आसपास पडतात. याचे पहिले कारण असे की यूपीएस बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतो आणि राउटरचा अडॅप्टर त्या २३० चे पुन्हा १२ करतो. या उलट-सुलट प्रवासात यूपीएस स्वतःच दहा-पंधरा वॉट पितो, म्हणजे जवळजवळ तुमच्या उपकरणांइतकेच. दुसरे कारण असे की ७ ॲम्पिअर-तास ही क्षमता वीस तासांत हळूहळू बॅटरी रिकामी केली तर मिळते. दोन तासांत रिकामी केली तर पाच-साडेपाचच्या आसपासच मिळते.

१ केव्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा अशा दोन बॅटऱ्या असतात. फक्त नेटचा भार टाकला तर तो नवा असताना साडेतीन-चार तास ओढेल हे मान्य केले पाहिजे. कॅमेऱ्यांसकट सगळा भार टाकला तर दोन तास. तरीही मी तो सुचवत नाही, कारण या बॅटऱ्या रोज तळापर्यंत रिकाम्या करण्यासाठी नसतात. अशा दोन-तीनशे फेऱ्यांत त्यांचा जीव जातो, आणि तुमच्याकडे वीज दिवसातून एक-दोनदा जाते. रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायला सात-आठ तास लागतात, त्यामुळे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा वीज गेली की दुसऱ्या खेपेला ती पूर्ण भरलेली नसते. त्यात उष्णता. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि दर दहा अंशांमागे ते साधारण निम्मे होते. शिरवळजवळच्या एका घरी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला यूपीएस मी उघडला, तेव्हा आतली बॅटरी दोन्ही अंगांनी इतकी फुगली होती की पत्र्याच्या पेटीतून ती निघेना. शेवटी पेटीच कापावी लागली. ती दीड वर्षाची होती. शिवाय रात्री दोन वाजता वीज गेल्यावर हा यूपीएस दर काही सेकंदांनी ओरडतो, ते वेगळेच.

मित्राचा मिनी यूपीएस तत्त्वतः बरोबर आहे. त्यात लिथियम सेल असतात आणि तो बॅटरीच्या वीजेचे २३० व्होल्ट करण्याच्या भानगडीत न पडता सरळ १२ व्होल्ट राउटरला देतो. त्यामुळे वाया जाणारी वीज दहा-पंधरा टक्क्यांवर येते आणि वीज जाता-येताना राउटरला झटकाही बसत नाही. पण वेष्टनावरचा आकडा तसाच्या तसा खरा मानू नका. १०,००० एमएएच असे मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक मिनी यूपीएस मी बंद पडल्यावर उघडला होता. आत १८६५० या आकाराचे, बोटाएवढे गोल तीन सेल निघाले, प्रत्येकावर २००० एमएएच असे छापलेले. म्हणजे फार तर ६००० एमएएच, तेही सेलच्या ३.७ व्होल्टला, म्हणजे सुमारे २२ वॉट-तास. तुमच्या ८ वॉटच्या ओएनटीला तो सव्वादोन तास पुरेल. ओएनटी आणि राउटर दोन्ही लावले तर सव्वा तास. खोक्यावर आठ तास लिहिले होते.

उघडून पाहणे प्रत्येकाला जमणार नाही आणि वॉरंटी जाते म्हणून करूही नये. त्याऐवजी मी स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरतो. १८६५० चा एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ज्याच्यात सहा सेल असल्याचा दावा आहे तो मिनी यूपीएस प्लास्टिक आणि सर्किटसकट तीनशे ग्रॅमच्या वरच भरला पाहिजे. दोनशे भरला तर आत सहा सेल नाहीत. ज्या कंपन्या वेष्टनावर वॉट-तास लिहितात आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक छापतात, त्यांना मी प्राधान्य देतो. तेवढ्याने वस्तू चांगलीच निघेल असे नाही, पण आकडा लपवणाऱ्यापेक्षा सांगणारा बरा.

मिनी यूपीएस लावताना दोन-तीन ठिकाणी लोक हमखास अडतात. मूळ अडॅप्टर १ ॲम्पिअरचा असेल तर त्याच्यावर आता राउटर चालवणे आणि सेल भरणे असे दुहेरी काम पडते; मग वीज आल्यावर राउटर वारंवार बंद-चालू होतो आणि दोष राउटरला दिला जातो. अशा वेळी १२ व्होल्टचाच, पण २ किंवा ३ ॲम्पिअरचा चांगला अडॅप्टर घ्यावा. ॲम्पिअर जास्त असले तर बिघडत नाही, कारण उपकरण लागेल तेवढाच प्रवाह ओढते. व्होल्ट मात्र तंतोतंत तेच हवेत. काही राउटर ९ व्होल्टचे आणि छोटे स्विच बहुधा ५ व्होल्टचे असतात, त्यांना १२ व्होल्ट दिले तर ते तिथल्या तिथे संपतात. पिनचाही घोळ असतो: बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर सारखाच, पण आतले भोक कुठे २.१ तर कुठे २.५ मिलिमीटरचे. २.१ ची पिन २.५ च्या जागी बसतच नाही. उलट २.५ ची २.१ वर सैल बसते, चालल्यासारखे वाटते आणि टेबलाला धक्का लागला की नेट जाते. आणि मिनी यूपीएस राउटरच्या डोक्यावर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नका. भिंतीवर, हवा लागेल असा लावा.

पॉवर बँकेला ५ चे १२ व्होल्ट करणारी केबल जोडण्याचा उपाय कधीतरीच्या अडचणीला ठीक आहे. पण बऱ्याच पॉवर बँका चार्जर बंद होताच क्षणभर पुरवठा तोडतात, आणि तो क्षण ओएनटीला पुन्हा सुरू व्हायला लावण्यास पुरेसा असतो. मग लिंक येईपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली. काही हौशी मंडळी मोटारसायकलची बॅटरी थेट राउटरला जोडतात. चार्जर चालू असताना त्या बॅटरीवर १४ व्होल्टपेक्षा जास्त असतात आणि ती उतरत गेली की ११ च्याही खाली जातात. काही राउटर हे सहन करतात, काही करत नाहीत, आणि आपला कोणता ते जळल्यावरच कळते.

वडिलांचे म्हणणे मी सहजासहजी टाकणार नाही. १५० ॲम्पिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. त्यापुढे राउटरचे १६ वॉट म्हणजे पोळीवरचे तूपही नाही. घरात पंखे आणि दिवे हवेच असतील, तर इन्व्हर्टरच घ्या. मात्र फक्त नेटसाठी तो घेणे म्हणजे वीस-बावीस हजार रुपये, जागा आणि दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर पाहण्याची जबाबदारी, एवढे सगळे एका छोट्या डबीसाठी. आणि तिथेही एक मेख आहे. इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक वेळा एक बटण असते: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर वीज गेल्यावर बॅटरीकडे वळायला वेळ लागतो आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. यूपीएसवर ठेवले तर बदल पटकन होतो, पण मग तो साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज स्वीकारत नाही, आणि संध्याकाळी शेतीपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडणाऱ्या गावात वीज असूनही घर बॅटरीवर चालत राहते. अशा घरांत मी इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवतो आणि ओएनटी-राउटरला एकेक अगदी लहान मिनी यूपीएस देतो. त्याला फक्त वळणाचा तो क्षण सांभाळायचा असतो. बाकीचे तास इन्व्हर्टर पाहतो.

म्हणजे तुमच्या बाबतीत, पंख्यांसाठी इन्व्हर्टर घ्यायचा नाही असे धरले तर, मी असे करेन. आधी ओएनटीलाच वायफाय आहे का ते पाहा. बहुतेकांना असते, आणि वीज नसताना मीटिंगपुरते तेवढे पुरत असेल तर राउटर आणि स्विच दोन्ही बॅकअपमधून वगळता येतात. मग भार १६ वरून थेट ८ वॉटवर येतो. ही काटछाट फुकट होते आणि माझ्या अनुभवात कोणत्याही बॅटरीपेक्षा जास्त कामाला येते. ओएनटी दूरच्या खोलीत असल्याने राउटर लागतोच, असे असेल तर ओएनटीला एक आणि राउटरला एक असे खऱ्या ३५-४० वॉट-तासांचे दोन वेगळे मिनी यूपीएस घ्या. ३५ मधले ३० उपकरणापर्यंत पोचतात. ओएनटीला पावणेचार तास आणि राउटरला पाच तास मिळतात. स्विचचे काम ओएनटी किंवा राउटरच्या मागच्या लॅन पोर्टांवर भागवा. पुढे कधी आठ तासांची गरज पडली, तर लिथियम आयर्न फॉस्फेटचा १२.८ व्होल्ट १२ ॲम्पिअर-तासांचा पॅक पाहा. त्यात सुमारे १५० वॉट-तास असतात, तो दोनेक हजार फेऱ्या सोसतो आणि उष्णतेत जास्त सुरक्षित असतो. पण त्याला त्याचाच चार्जर आणि बाहेर पक्के १२ व्होल्ट देणारे सर्किट लागते, म्हणून तो जाणकाराकडून बसवून घ्यावा.

कॅमेऱ्यांना मी तास-सव्वा तासाचा बॅकअप पुरेसा मानतो, आणि तिथे ६०० व्हीएचा साधा यूपीएस चालेल. २७ वॉटचा भार, त्यात त्याचे स्वतःचे पिणे. नवा असताना तास-दीड तास होईल. डीव्हीआरच्या हार्ड डिस्कला वारंवार अचानक वीज तुटण्याचा त्रास होतो, त्यातून तरी ती वाचेल. रात्रभर चित्रण हवेच असेल, तर मात्र मोठी बॅटरी लागेल आणि हा हिशोब नव्याने मांडावा लागेल.

बसवल्यावर एका सुटीच्या दिवशी एमसीबी पाडून, घड्याळ लावून, बॅटरी पूर्ण संपेपर्यंत एकदा चालवून पाहा. मिळालेला वेळ आणि तारीख मार्करने मिनी यूपीएसच्याच पोटावर लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा तसेच करा. सदैव पूर्ण भरलेले आणि उन्हाळ्यात तापलेले लिथियम सेल दोन-तीन वर्षांत बरेच खंगतात, आणि ते खंगणे दिव्यांवरून कळत नाही. हिरवा दिवा शेवटपर्यंत हिरवाच असतो. पहिल्या वेळेच्या निम्म्यावर आले की बदलायचे, आणि जुना कचराकुंडीत न टाकता बॅटरीच्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा.

वॉटमीटरचा आकडा, ओएनटीच्या अडॅप्टरवरची आउटपुटची ओळ आणि त्या इन्व्हर्टरवाल्या शेजाऱ्याचे उत्तर, एवढ्या तीन गोष्टी कळवल्यात तर नेमकी किती वॉट-तासांची वस्तू घ्यावी ते सांगता येईल. शेजाऱ्याचे उत्तर आधी मिळवा. तोपर्यंत दुकानदाराला आगाऊ पैसे देऊ नका.